दोन गाड्या सुटल्या त्यानंतरचे दयारामजी

श्री. दयारामजी लांजेवार यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्टुलावर उकिडवे बसून जुन्या टूथब्रशने कॉम्प्युटरचा पंखा साफ करत होते. तुमसरच्या राइस मिलमध्ये ऑपरेटरची जागा रिकामी आहे असं कळलं होतं, म्हणून सर्टिफिकेटांची पिशवी छातीशी धरून मी गेले होते. भुवयांपर्यंत कोंड्याने माखलेल्या त्या माणसालाच मी विचारलं, "मॅनेजरसाहेब कुठं भेटतील?"

"भेटले समज," ते वर न बघता म्हणाले. "हा कोंडा मानसाच्या छातीत जाते न मशीनच्याबी. मानूस खोकलून सांगते, मशीन काई सांगत नाई. तू रोज पुसशीन का?"

"पुसीन जी."

"मंग उद्यापासून ये."

एवढीच माझी मुलाखत. पिशवीतली सर्टिफिकेटं त्यांनी पाहिली नाहीत, याचं मला घरी जाईपर्यंत वाईट वाटत होतं.

दयारामजींच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळींनी माझ्याकडे लेख मागितला आणि तो प्रसंगाला शोभेल असा असावा, असा निरोप दोनदा पाठवला. मी तसा लिहूनही पाहिला. दोन पानं झाली आणि मलाच त्यांचा कंटाळा आला. ज्या गोष्टीमुळे हा माणूस मला मोठा वाटतो आणि ज्या गोष्टीमुळे मी त्यांच्यावर रागावले आहे, ती एकच गोष्ट आहे आणि ती अजिबात शोभिवंत नाही. ती गाळून लिहायचं तर मग हार, शाल आणि श्रीफळाचं वर्णन करावं लागेल आणि ते काम इतर लेखकांनी माझ्यापेक्षा चांगलं केलेलं असणार. हा लेख घ्यावा की नाही यावर बैठकीत बरीच ओढाताण झाली असं ऐकते. शेवटी दयारामजींनीच सांगितलं की हा लेख नसेल तर ते समारंभाला येणार नाहीत.

दयारामजी मिलमध्ये लागले ते वजनकाट्यावर. तिथून ते मॅनेजर झाले ते कुणाच्या वशिल्याने नाही. धानाचा दाणा दाताखाली धरला की त्यात ओल किती हे ते सांगतात आणि यंत्र नंतर तेच सांगतं. हमालांना ते नावाने ओळखतात, त्यांच्या लेकरांनाही. कुणाच्या घरी आजारपण असलं तर त्याला बोलावून घेऊन विचारण्यापेक्षा ते स्वतः गोदामात जाऊन पोत्यावर बसतात आणि तिथेच बोलतात. ऑफिसात बोलावलं की माणूस घाबरते, असं त्यांचं म्हणणं.

माझ्यापुरतं सांगायचं तर माझ्या बाळंतपणात त्यांनी माझी नोकरी राखली. मालक दुसरा ऑपरेटर ठेवायला निघाले होते. एकदा दुसरा बसला की ही पोरगी परत यायची नाही, हे दयारामजींनी ओळखलं आणि ते स्वतः माझ्या खुर्चीवर बसले. दोन महिने एका बोटाने टाइप करत त्यांनी माझं काम ओढलं. मी परतले तेव्हा फाइलींची नावं अशी काही झाली होती की मला आठवडाभर हसू आवरत नव्हतं. हे सगळं आधी सांगते, कारण पुढचं वाचताना ते लक्षात असायला हवं.

मिलमध्ये फोनवरचा ग्रुप आणला तोही दयारामजींनीच. आधी गेटवर, काट्यावर, गोदामात चिठ्ठ्या फिरत. चिठ्ठी हरवली की भांडण. ग्रुप आला आणि मालकांपासून गेटमनपर्यंत सगळे एका जागी बोलू लागले. तरी लोकांची जुनी सवय जाईना. मेसेज वाचून झाल्यावर मुकादम पुन्हा फोन करून विचारायचा, साहेब, खरंच भरू का? असंच एकदा पुन्हा विचारून होईपर्यंत भरलेली गाडी उघडी राहिली, अवकाळी सर आली आणि पोती भिजली. त्या दिवशी दयारामजी चिडले. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "ग्रुपवर माहा मेसेज आला म्हनजे माहा शब्द आला. पुना फोन करून इचारायचं नाई."

लोकांना ते फार अवघड गेलं नाही. आमच्याकडे वडीलधाऱ्याने एकदा सांगितलं की हाव जी म्हणायचं, ही लहानपणापासूनची शिकवण. पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास नाही असं दाखवणं. पुन्हा विचारायची थोडीफार मोकळीक कामाच्या काळजीपोटी उरली होती, ती त्या नियमाने गेली. काम भराभर होऊ लागलं. मालक खूश होते. मीही होते.

मग लग्नसराई आली. दयारामजींच्या फोनवर त्या दिवसांत पत्रिकांचा पाऊस पडायचा आणि आलेली पत्रिका न उघडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कुणाच्या घरच्या मंगलकार्याचा तो अपमान, असं ते मानत. साकोलीच्या एका ओळखीच्या धान-व्यापाऱ्याच्या नंबरवरून अशीच एक पत्रिका आली. तिच्यावर बोट ठेवल्यावर फोनने दोन-तीन परवानग्या मागितल्या, दयारामजींनी दिल्या. पत्रिका काही उघडली नाही. नेट नसेल म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला. ती पत्रिका नव्हती, पत्रिकेच्या नावाखाली फोनमध्ये शिरलेलं एक ॲप होतं. त्या व्यापाऱ्याचा फोनही आधी असाच कुणीतरी ताब्यात घेतला होता आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. पुढचं काम त्या ॲपने परस्पर केलं. आमचा ग्रुप कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या हातात गेला आणि तो दयारामजींच्या नावाने त्यात लिहू शकत होता.

त्याने लगेच काही लिहिलं नाही. कित्येक दिवस तो नुसता वाचत बसला असणार. माल कोण सोडायला सांगतं, गेट कोण उघडतं, दयारामजी कसं लिहितात, हे सगळं त्याला आम्हीच शिकवलं. एका सकाळी दयारामजींनी ग्रुपवर लिहिलं की मामेभावाच्या तेरवीला अड्याळला जातो आहे, चारपर्यंत फोन बंद राहील. तेरवीच्या घरी फोन वाजू नये म्हणून ते तो बंदच करतात. अकराच्या सुमारास त्यांच्याच नावाने मेसेज आला. दोन गाड्या येत आहेत, त्यांचे नंबर हे, तांदूळ भरून सोडा, गेटपासवर सही मी आल्यावर करीन.

गाड्या आल्या. भरल्या. आणि मग गेटवरचे मंसारामभाऊ ऑफिसच्या खिडकीशी आले.

मंसारामभाऊ तलावावर जाळं टाकणाऱ्या घरातले. त्यांचं गाव तुमसरपासून सायकलीच्या अंतरावर. केस पांढरे होईपर्यंत ते आमच्या गेटवर उभे राहिले होते. वाचता येत होतं, पण एकेक अक्षर जुळवून. माणसं मात्र ते झरझर वाचायचे.

"बाई, साहेबाले एक फोन लाव ना."

"काहून जी?"

"गाड्या भरल्या. पन ड्रायवर खालीच उतरले नाई. चहाले बलावलं तं नको म्हनले. चहाले नाई म्हननारा ड्रायवर म्या आजवर पायला नाई. मले कसंसंच वाटून राहिलं."

मी डबा खात होते. आठ महिन्यांचं लेकरू घरी तापलेलं होतं आणि सासूबाईंचे मेसेज येत होते. मंसारामभाऊंकडे मी नीट पाहिलंही नाही. "फोन बंद हाये त्यायचा. ग्रुपवर आलं ना? मंग सोडा."

"सोडू म्हनतेस?"

"हाव, सोडा."

ते गेटकडे गेले. गेट उघडल्याचा आवाज मी ऐकला. मी डबा बंद केला आणि हात धुतले.

साडेपाचला दयारामजी आले. तेरवीचा टिळा कपाळावर तसाच होता आणि फोन अजून बंदच होता. गेटपासावर सही करायची आहे असं मी म्हणाले, तर ते म्हणाले, "कोनच्या गाड्या?" त्यांचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते लिहिता येत नाही आणि येत असतं तरी मी लिहिलं नसतं.

गाड्यांच्या पाट्या खोट्या निघाल्या. तांदूळ मिलचा स्वतःचा नव्हता, लोकांनी विश्वासाने भरडायला आणून दिलेल्या धानाचा होता. बातमी पसरली तशी धानाच्या गाड्या आमच्या फाटकावरून पुढच्या मिलकडे जाऊ लागल्या. यंत्रं थांबली. भर हंगामात हमाल बायका-पोरांसह घरी बसले आणि काही जण गाव सोडून कामाला गेले. त्यातले दोन-तीन अजून परतलेले नाहीत. एका पत्रिकेवर ठेवलेल्या बोटाने एवढं झालं, हे सांगितलं तरी आज कुणाला खरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशीला माणसं यायच्या आधी दयारामजींनी मला कोंड्याच्या शेडमागे नेलं. मी रडतच मंसारामभाऊ खिडकीशी आल्याचं सांगून टाकलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "तू काई बोलायचं नाई. तुले लहान लेकरू हाये, तुह्या सासरी एक पोलीस गेला तं तुले जगू देनार नाईत. फोन माहा, नियम माहा, चूक माही. म्या सांगतो सगळं. मंसारामले काई होनार नाई."

मी हाव जी म्हटलं.

त्यांनी खरंच सगळं सांगितलं. पत्रिका मीच उघडली, पुन्हा विचारू नका हा नियम मीच केला, असं त्यांनी मालकांसमोर, कामगारांसमोर, तपास करणाऱ्यांसमोर सांगितलं. आपला फोन काढून टेबलावर ठेवला. एवढ्या हुद्द्यावरचा माणूस चार लोकांत असं बोलताना मी दुसरा पाहिलेला नाही. पण तपासाची माणसं शेवटी गेटवर येऊन थांबली. सही नसलेल्या गेटपासवर गेट उघडलं कुणी?

"म्या ऑफिसात इचारलं होतं जी," मंसारामभाऊ म्हणाले.

"कोणाला?"

मंसारामभाऊंनी दयारामजींकडे पाहिलं. दयारामजी म्हणाले, "त्या वेळी ऑफिसात कोनी नवतं. जेवनाची सुट्टी होती."

मंसारामभाऊंनी मान खाली घातली. त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. मी दारात फाइल धरून उभी होते. मंसारामभाऊंचं सांगणं खोटं ठरलं, म्हणून संशयही त्यांच्यावरच गेला. तपासाची माणसं त्यांना घेऊन गेली. बऱ्याच दिवसांनी जामीन झाला, चोरीत सामील असल्याचा खटला मात्र अजून उभा आहे, आणि गेटवर ते परत आले नाहीत. दयारामजींनी बोलावणं पाठवलं होतं. ते आले नाहीत.

आता दयारामजींच्या कामाविषयी, ज्यासाठी हा ग्रंथ निघतो आहे. आज जिल्ह्यातल्या दुसऱ्या मिलवाल्यांनी, दुकानदारांनी, पतसंस्थांनी त्यांना बोलावून जी शिस्त शिकून घेतली आहे, ती त्या दिवसातून आली. नागपूरच्या जाणकारांकडे ते स्वतः बसने जाऊन बसायचे आणि वहीत लिहून आणायचे. प्रत्येकाच्या फोनवर दुसरं कुलूप, म्हणजे फक्त त्यालाच ठाऊक असा आकडा, त्यांनी स्वतः उभं राहून घालायला लावलं. सोमवारी हजेरीच्या वेळी सगळ्यांनी फोन उघडून दाखवायचा, आपल्या खात्याला दुसरं कुठलं यंत्र जोडलेलं नाही ना. ग्रुपवर आलेली फाइल उघडायची नाही, मग ती देवाची असो की लग्नाची. पत्रिका द्यायची तर कागदाची द्या, नाहीतर तोंडाने बोलवा. कोण कुठं जातो आहे, कुणाचा फोन कधी बंद असेल, हे ग्रुपवर लिहायचं नाही. काम सोडून गेलेल्या माणसाचं नाव ग्रुपमधून त्याच दिवशी काढायचं.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे, ग्रुपवर आलेला हुकूम हा हुकूम नाही, नुसती बातमी आहे. माल हलवायचा, पासवर्ड द्यायचा, गेट उघडायचं, तर ज्याच्या नावाने मेसेज आला त्याला आपल्या वहीतल्या नंबरवर आपण फोन करायचा. तो लागला नाही तर काम थांबलं. पुन्हा विचारायचं नाही म्हणणाऱ्या माणसाने पुन्हा विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असं सांगितलं, तेही जाहीरपणे, पहिला नियम चुकीचा होता असं म्हणून.

सांगून लोक बदलत नाहीत, हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते अधूनमधून स्वतःच खोटे हुकूम पाठवत. जो फसला त्याला रागावत नसत, त्याच्याशेजारी पोत्यावर बसून पुन्हा समजावत. जो अडून बसला त्याला सगळ्यांसमोर हात जोडत. मॅनेजरने हमालाला हात जोडायचे, हे पाहून सुरुवातीला लोकच लाजून पळायचे.

मंसारामभाऊंच्या जागी कौसल्याबाई आल्या. गोदामात झाडलोट करणारी ही बाई गेटवर बसवली म्हणून मालक कुरकुरले होते. एकदा मालकांनी नागपूरहून खरोखरच मेसेज टाकला की एक गाडी ताबडतोब सोडा. कौसल्याबाईंनी वहीतल्या नंबरवर फोन केला. मालक बैठकीत होते, त्यांनी उचलला नाही. गाडी दोन तास उभी राहिली. संध्याकाळी मालक गेटवर येऊन ओरडले, "मी मालक आहे, माझा मेसेज तुला कळत नाही?"

"मेसेज तं कोनीबी करते जी," कौसल्याबाई खुर्चीवरून न उठता म्हणाल्या. "तुमी मालक आहात थे मले आता दिसलं. आता गाडी सुटन."

दयारामजी मध्ये आले. मालकांना ते म्हणाले की हिला काढायचं असेल तर आधी मला काढा. पुढे काही महिन्यांनी हुबेहूब मालकांच्या आवाजात फोन आला, कॉम्प्युटरचा पासवर्ड मागणारा. आवाज यंत्राने तयार केलेला होता. फोन माझ्याकडेच आला होता. मी म्हटलं, ठेवा, मी उलटा फोन करते. उलटा फोन खऱ्या मालकांना लागला तेव्हा ते जेवत होते. त्यानंतर त्यांची कुरकुर बंद झाली. मिल वाचली, ती अशी. आज धानाच्या गाड्या पुन्हा आमच्या फाटकात वळतात.

इथे लेख संपवला असता तर संपादक मंडळींची झोप उडाली नसती.

मंसारामभाऊंच्या गावी तलावात मासोळी वाढली की राखण बसते. प्रत्येक घराची पाळी असते. पाळीच्या माणसाच्या भरवशावर सगळ्या गावाचं वर्षभराचं पोट तलावात सोडलेलं असतं. जामिनावर सुटून मंसारामभाऊ घरी आले आणि त्या हंगामात त्यांची पाळी गाळली गेली. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. आदल्या घरानंतर सरळ पुढच्या घराला निरोप गेला. दयारामजींच्या कानावर हे आलं तेव्हा ते जेवणावरून उठले. मला म्हणाले, चल. का ते मी विचारलं नाही.

मंसारामभाऊंच्या गावी तलावाकाठी राखणीची माणसं जमली होती. दयारामजींनी सगळ्यांसमोर हात जोडले. चूक माही होती, मंसाराम चोर नाही, त्याची पाळी त्याले द्या, असं ते म्हणाले. बोलताना त्यांना धाप लागत होती. मंसारामभाऊ थोडे दूर बसून जाळ्याची गाठ मारत होते आणि वर पाहत नव्हते.

एक म्हातारे उठले. "साहेब, चूक तुमची असन. तुमी मोठ्या मनाचे. पन खोटं कोन बोललं थे सांगा. मंसाराम म्हनते, म्या इचारलं. तुमी पोलिसाले सांगतलं, ऑफिसात कोनी नवतं. दोघातून एक तं खोटा हाये. जो खोटा, त्याच्या भरवशावर तलाव कसा सोडाव?"

दयारामजींनी जोडलेले हात खाली घेतले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी दोन पावलांवर होते. बोलायला एक वाक्य पुरलं असतं, आणि मी ते बोलले नाही. आम्ही गाडीत बसलो आणि तुमसरला आलो. मंसारामभाऊंची पाळी पुढच्या हंगामातही गाळली गेली.

त्या दोन हंगामांत मी मिलमधल्या नव्या माणसांना शिकवत होते, साहेबाचा हुकूम असला तरी उलटून विचारा, साहेब नाराज होईल म्हणून गप्प बसू नका. तोंडाने हे बोलताना माझी मलाच शिसारी यायची. शेवटी यंदा मी एकटी मंसारामभाऊंच्या घरी गेले. त्यांनी बसायला बाज ओढून दिली. मी विचारलं, तुम्ही तेव्हा माझं नाव काहून नाही घेतलं?

"साहेबच नाई म्हनले," ते म्हणाले. "मंग म्या कसा हाव म्हनू? अन् तुलेबी लेकरू होतं बाई."

ज्या सवयीने त्या दोन गाड्या सुटल्या, त्याच सवयीने मंसारामभाऊ अडकले. त्यांनी साहेबांचा शब्द खोटा पाडला नाही. मीही पाडला नाही. दयारामजींनी अख्ख्या मिलमधून ती सवय उपटून काढली आणि आम्हा तिघांमध्ये ती तशीच राहू दिली. माझ्यावर त्यांचे उपकार आहेत, पण हा उपकार मला नको होता. तो मंसारामभाऊंच्या अंगावरून ओढून माझ्या अंगावर घातलेला होता. हे मी दयारामजींना तोंडावर सांगितलं. या लेखात लिहिणार आहे, कोर्टात सांगणार आहे, तुम्ही नको म्हणालात तरी सांगणार आहे, असंही सांगितलं.

ते उठून खिडकीशी गेले. त्यांची तब्येत आता पहिल्यासारखी नाही, कोंड्याने छाती भरली आहे आणि बोलताना मध्ये थांबावं लागतं.

"तुले चूप बसवलं थे माही दुसरी चूक," ते म्हणाले. "पयलीत तांदूळ गेला. दुसरीत मानूस गेला. म्या खोटं बोललो थेबी लिहिजो. मलेबी सांगाच लागन कोर्टात. फकत देवाले म्हन, मले तवरिक जगू दे."

तर सगळ्यांच्या वतीने लिहायचं म्हणून नाही, गरज आहे म्हणून लिहिते. दयारामजींना आयुष्य मिळो. त्यांची छाती मोकळी राहो, आवाज शाबूत राहो, आणि खटला निघेपर्यंत, निकाल लागेपर्यंत आणि त्यानंतर पुष्कळ वर्षं त्यांना उभं राहायचं बळ मिळो. ते खोटं बोलले हे त्यांच्याच तोंडून लोकांना ऐकायला मिळायला हवं. पण सगळा भार त्यांच्या एकट्याच्या श्वासावर टाकून मी मोकळी होणार नाही. वकिलांमार्फत माझा अर्ज दिलेला आहे. पुढच्या तारखेला मी उभी राहीन आणि सांगीन की त्या दुपारी ऑफिसात मी होते, मंसारामभाऊंनी मला विचारलं होतं, आणि सोडा असं मी म्हणाले होते.